१४. ‘अंगभर काटा आणि गार घाम’
१४. लाल विंचवाच्या दंशानंतरची लक्षणे. हा विंचू महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात दगडांखाली, लाकूडफाट्यात सापडतो. त्वचेच्या बाहेरच्या पातळ थराखाली अंतस्त्वचा असते. केसांची मुळे, घामाच्या ग्रंथी आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तिच्यात असतात. प्रत्येक केसमुळाला एक बारीक स्नायू चिकटलेला असतो. तो आकसला की केस उभा राहतो, म्हणजेच काटा येतो. हा स्नायू, घामाच्या ग्रंथी आणि रक्तवाहिन्या, तिन्ही अनुकंपी नसांच्या ताब्यात असतात आणि विंचवाचे विष नेमक्या याच नसांना चेतवते. म्हणून दंश पायाला झाला तरी घाम सर्वांगाला सुटतो आणि रक्तवाहिन्या आकसल्याने हातपाय थंडगार पडतात. उलटी, घाम, गार हातपाय ही हृदयावर ताण येत असल्याची पूर्वसूचना आहे, हे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध, जे आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, त्यांनी या दंशावर वापरले; त्याविषयीचा लेख त्याच नियतकालिकात १९८६मध्ये आला. त्याआधी तरणीताठी माणसे आणि लहान मुले फुप्फुसात पाणी होऊन दगावत. बावस्करांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. प्रस्तुत प्रसंग प्राझोसिनपूर्व काळातला आहे. घरच्यांनी घाम पाहून ‘विष उतरले’ असे का मानले, आणि ते किती घातक होते, हे त्यावरून कळेल.