उसातले इंधन : जमा आणि खर्च

प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. कालव्यांच्या पाण्यावर बेलापूर परिसरातील बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना चालला. पुढे लोणीला सहकारी कारखाना आला.

साखरेबरोबर मळी येते. एक टन मळीपासून सुमारे सव्वादोनशे लिटर अल्कोहोल मिळते. ते पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी १९४८ सालीच केंद्राने कायदा केला होता. तो २००० साली रद्द झाला, पण २००१ मध्ये मनमाड व मिरज येथे मिश्रणाचे प्रयोग सुरू झाले. २०२५ मध्ये देशातील मिश्रणाचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले.

आता हिशेब मांडू. १८० ग्रॅम ग्लुकोज आंबले की ९२ ग्रॅम अल्कोहोल व ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. आंबताना सुटणारा आणि पुढे इंजिनात जळून सुटणारा, दोन्ही कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो. ही जमेची बाजू.

खर्चात खते, पंप व वाहतूक यांना लागणारी ऊर्जा धरावी लागते. शिवाय लिटरभर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर तपकिरी सांडपाणी निघते. प्रक्रिया न करता ते ओढ्यात सोडले, तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, विहिरी नासतात.

सर्वांत मोठा खर्च पाण्याचा. २०२३ साली पावसाने ओढ दिली, साखर घटण्याची चिन्हे दिसली आणि डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले.

म्हणून वर्गात हा हिशेब करताना आम्ही सुचवू, की सुरुवात पेट्रोलपंपापासून नको, कालव्यापासून करावी.