बाप्तिस्मा नाही, तरी ख्रिस्ताचा शिष्य? साताऱ्यातला 'देवाचा दरबार' नेमका काय होता

टिळक म्हटलं की आपल्याला लोकमान्य आठवतात. पण त्याच काळात महाराष्ट्रात आणखी एक टिळक गाजत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेच्या पुस्तकात 'केवढे हे क्रौर्य' वाचलेल्यांना कवी म्हणून ते माहीत असतात. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचे ते पती. या टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात जागा होती.

हे एवढं वेगळं का होतं, हे कळायला आधी इथल्या चर्चची रीत बघावी लागते.

सातारा-सांगली भागात प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोक चर्चला 'मंडळी' म्हणतात. म्हणजे इमारत नव्हे, माणसं. धर्मगुरू म्हणजे 'पाळक', रविवारची प्रार्थना म्हणजे 'उपासना'. साताऱ्यात काम होतं अमेरिकन मराठी मिशनचं, तर सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत उभं केलेलं हॉस्पिटल या दुसऱ्या मिशनचं. सांगली-मिरजेच्या मधल्या वॉनलेसवाडीचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. कारभारातही फरक होता. पहिल्या परंपरेत स्थानिक मंडळीच्या मताला जास्त वजन, तर प्रेस्बिटेरियनांकडे निवडलेले 'वडील' पाळकाबरोबर मंडळीचा कारभार बघतात.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. मंडळीत यायचं दार म्हणजे बाप्तिस्मा. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, हे बाप्तिस्मा झालेल्यांचं.

आता हा बाप्तिस्मा केवढ्याला पडायचा, हे टिळकांना कुणी सांगायची गरज नव्हती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी तो घेतला. चित्पावन ब्राह्मण माणूस, एका दिवसात जातीबाहेर. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला, पण मधली वर्षं कशी गेली ते 'स्मृतिचित्रे'मध्ये वाचावं. रडू आणि हसू एकाच पानावर येतं.

टिळकांचा प्रश्न साधा होता. एखाद्याला ख्रिस्त पटला, पण घरदार तुटणार म्हणून तो बाप्तिस्म्यापाशी अडला, तर त्याला शिष्य म्हणायचंच नाही का? शिवाय लोकांच्या डोळ्यांत ख्रिस्ती होणं म्हणजे साहेबाच्या बाजूला जाणं होतं. टिळक पक्के देशभक्त. त्यांना हे फार सलायचं. मिशनच्या पगारावर राहून 'ख्रिस्त परका नाही' असं सांगणं त्यांना जड जात होतं, म्हणूनच आधी नोकरी सोडली.

दरबार म्हणजे आश्रमाच्या धर्तीवरचं कुटुंब. भजन, प्रार्थना, सेवा, आणि येणाऱ्याला जात न विचारणं. वारकरी परंपरा त्यांच्या अंगात मुरलेली होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. त्यामुळे इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवण्यापेक्षा अभंग आणि ओवी त्यांना जवळची. ख्रिस्ती कीर्तन त्यांच्याआधीही होतं, नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ते रुजवलं होतं. टिळकांनी त्याला कवीचं बळ दिलं.

सगळ्यांना हे पटलं नाही. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य म्हटलं तर मंडळीला अर्थ काय उरला, असा आक्षेप होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. ज्यांनी घरदार गमावून बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या त्यागाचं मग काय? उत्तर शोधायला टिळकांना वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले, दरबार सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली असताना. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचं दफन नव्हे, दहन झालं. त्या काळच्या ख्रिस्ती समाजात ही मोठीच गोष्ट होती.

त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं अपुरं महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. शाळेचं फारसं शिक्षण नसलेल्या बाईनं हे करावं, यावर वेगळा लेख होईल.

गाणी मात्र राहिली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात टिळकांची कितीतरी पदं आहेत आणि रविवारी पेटी-तबल्यावर ती म्हटली जातात. प्रभुभोजनाला बसायचं असेल तर बाप्तिस्मा मात्र अजूनही लागतो.