सत्य बोलण्याची सभा : दक्षिण आफ्रिकेतील एक प्रयोग

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक सभेत अहवालवाचन होते, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, आभार मानले जातात आणि मंडळी पंगतीस बसतात. मनात सलणारी गोष्ट बोलावयास ह्या क्रमात जागाच नसते. गतवर्षी एका तरुण सभासदाने विचारले की, आपल्या पूर्वजांनी गावकुसाबाहेरील लोकांस कसे वागविले, ह्याची नोंद ज्ञातीच्या इतिहासात का नसावी? अध्यक्षांनी वेळ संपल्याचे सांगितले, व आम्हीही मान डोलविली. ती मान डोलविल्याचे आम्हांस अजून बोचते. अशी बोलणी एका देशाने जाहीरपणे करून पाहिली. तिची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

दक्षिण आफ्रिकेत १९४८ पासून वर्णभेद हे राज्याचे उघड धोरण झाले. १९९४ साली सर्व वर्णांच्या मतदानाने नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, आणि मागील अत्याचारांचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. सरसकट खटले भरावे तर यादवीचे भय. सर्वांस क्षमा करावी तर सत्यच पुरले जाणार. ह्यातून १९९५ च्या कायद्याने सत्य व सलोखा आयोग जन्मास आला. आर्चबिशप डेस्मंड टूटू अध्यक्ष झाले. १९६० ते १९९४ ह्या काळातील घोर अत्याचारांपुरतेच त्याचे क्षेत्र ठरले.

पहिली सुनावणी १५ एप्रिल १९९६ रोजी ईस्ट लंडन शहराच्या नगरभवनात झाली. तिची मांडणी मुद्दाम पाहण्यासारखी होती. साक्षीदाराचे आसन आयोगाच्या सभासदांच्याच पातळीवर. वर न्यायासन आणि खाली आरोपी, असा देखावा नाही. शेजारी धीर देणारा एक मनुष्य, पाणी व रुमाल. साक्ष ज्याच्या त्याच्या मातृभाषेत. दुभाषे त्याच क्षणी भाषांतर करीत, आणि तेही 'मी' असे म्हणून. म्हणजे कोणाचा मुलगा मारला गेला तर दुभाष्यासही 'माझा मुलगा' असेच उच्चारावे लागे. कित्येक दुभाष्यांची मने ह्या कामाने थकून गेली, ह्यात नवल ते काय!

१९८५ साली पोलिसांनी ठार केलेल्या चौघा कार्यकर्त्यांपैकी फोर्ट कलाटा ह्यांच्या पत्नी नोमोंडे बोलता बोलता मागे रेलून असा टाहो फोडत्या झाल्या की, सभा काही काळ थांबवावी लागली. त्याच आठवड्यात एका वृद्धाचा छळवृत्तांत ऐकताना टूटूंनी टेबलावर डोके टेकून अश्रू ढाळले. पुढे त्यांनी निश्चय केला की, पुन्हा सभेत रडावयाचे नाही. कारण वृत्तपत्रांचे लक्ष दुःख सोसणाऱ्यावरून उडून अध्यक्षांवर गेले होते. सभा चालविणाऱ्याची ही जाण आम्हांस फार मोठी वाटते. आपल्याकडे तर अध्यक्षांचे भाषणच सर्वांत लांब!

एकवीस हजारांहून अधिक लोकांनी आपली हकीकत नोंदविली. अत्याचार करणाऱ्यांपुढे अट होती : राजकीय हेतूने केलेले कृत्य संपूर्ण सांगावे, तरच माफी. सात हजारांवर अर्जांपैकी थोड्यांसच माफी मिळाली.

उणिवाही होत्या, व त्या लपवू नयेत. गोरी मंडळी सुनावण्यांस फारच थोडी येत. माजी राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा तर आलेच नाहीत, आणि न्यायाधीशांनी लेखी निवेदनांवर भागविले. शिवाय छळ झालेल्यांचीच दखल घेतल्याने, घरादारातून हुसकलेल्या लक्षावधींचे दैनंदिन दुःख बाजूस राहिले, अशी टीका महमूद ममदानी ह्यांनी केली. ती आम्हांस पटते. भेदभाव बहुधा मारहाणीने नव्हे, रोजच्या सवयीने चालतो. आम्ही शिक्षक म्हणून प्रथम रुजू झालो त्या खेड्यातील शाळेत काही मुले मडक्यास हात न लावता ओंजळीत वरून ओतलेले पाणी पीत. नियम कोठेच लिहिलेला नव्हता. आम्ही दोन वर्षे ते पाहिले आणि एक शब्द बोललो नाही.

आयोगापुढे एका भारतीय मातेची साक्षही झाली. तिचा पुत्र अहमद तिमोल आमच्याच पेशातला, वय २९. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस कचेरीच्या दहाव्या मजल्यावरून पडून त्याचा अंत झाला. पोलिसांनी आत्महत्या म्हटले, आणि १९७२ च्या चौकशीने ते मान्य केले. हावा तिमोल ह्यांनी १९९६ साली आयोगास आपले दुःख सांगितले. नातलगांनी पाठपुरावा सोडला नाही. २०१७ साली न्यायालयाने निकाल दिला की, त्यास ढकलण्यात आले होते. तो निकाल ऐकावयास माता हयात नव्हती. खुनाचा आरोप ठेवलेला माजी पोलीस कर्मचारीही २०२१ साली खटला उभा राहण्यापूर्वी मरण पावला.

त्या तरुण सभासदाचा प्रश्न येत्या सभेच्या विषयपत्रिकेत पंगतीपूर्वी, वेळ राखून, घ्यावा असे पत्र आम्ही चिटणीसांकडे दिले आहे. व्यासपीठ नको, सर्वांनी सतरंजीवर बसावे, अशीही विनंती त्यात आहे. परवानगी मिळाल्यास प्रथम आम्ही उभे राहू आणि त्या मडक्याची हकीकत, मुलांची नावे आठवतील तेवढी घेऊन, सांगू.