युरोस्टाइल

युरोस्टाइल हा रोमन लिपीचा फॉन्ट आल्डो नोवारेसे यांनी १९६२ मध्ये इटलीतील तुरीनच्या नेबिओलो टाइप फाउंड्रीसाठी घडवला. त्याचा पूर्वज मायक्रोग्रामा (१९५२). त्यात फक्त कॅपिटल अक्षरे होती, युरोस्टाइलमध्ये स्मॉल अक्षरेही आली. यातला 'ओ' गोल नाही. तो कोपरे घासलेला चौकोन आहे, अगदी त्या काळच्या टीव्हीच्या पडद्यासारखा. '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटात तो दिसला आणि पुढे विज्ञानपटांत भविष्यकाळ सुचवण्याची ती सोपी खूणच झाली, इतकी, की आज तो 'कालचा भविष्यकाळ' वाटतो. शीर्षके, फलक, यंत्रांवरची नावे यांना तो शोभतो. सलग मजकुराला मात्र नको: बारीक आकारात 'ओ' आणि 'डी' जुळ्या भावंडांसारखे दिसू लागतात.