राब भाजणारा शेतकरी अडाणी होता का?

पर्यावरणपूरक भातशेतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "शेतकरी बदलायलाच तयार नसतो." ही तक्रार निदान १४० वर्षं जुनी आहे. आज तिचाच इतिहास बघू, आपल्या तळेगावच्या आसपासचा.

मावळात आणि कोकणात भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात. म्हणजे शेण, पालापाचोळा, झाडांचे टहाळ जमिनीवर पसरून उन्हाळ्यात जाळायचे. त्यानं तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, रोप जोमदार येतं. पण १८७८ चा वनकायदा आला आणि टहाळ तोडण्यावर बंधनं आली. जंगल खातं म्हणायचं, राबामुळे झाडं संपतात. शेतकरी म्हणायचा, राब नाही तर भात नाही. वाद इतका पेटला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला.

पुढे १८८९ मध्ये व्होल्कर नावाचा इंग्रज कृषी-रसायनतज्ज्ञ भारतात आला. देशभर फिरून त्यानं १८९३ च्या अहवालात लिहिलं की इथला रयत अडाणी नाही. काही बाबतींत तर तो सरासरी ब्रिटिश शेतकऱ्यापेक्षा सरस आहे. राबामागेही अनुभवाचा हिशोब आहे, हे त्यानं मान्य केलं.

म्हणजे राबात तोटा नव्हताच का? होता. झाडं ओरबाडली जायची आणि जमिनीत कुजू शकणारा पाला जळून जायचा. पण "जाळू नका" म्हणणाऱ्यानं "मग काय करू?" याचं उत्तरही द्यायला हवं ना!

उत्तर मिळालं की शेतकरी बदलतो, याचा पुरावा आपल्या ताटातच आहे. आंबेमोहोर सुवासिक, पण उंच वाढून लोळणारा आणि उताऱ्याला कमी. शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोर-१५७ आणि ठेंगण्या, भरघोस आयआर-८ चा संकर केला. १९८७ मध्ये इंद्रायणी आला. वास टिकला, उतारा वाढला. मावळानं तो असा उचलला की आज मावळची ओळखच इंद्रायणी!

आता पाळी सगुणा भात तंत्राची. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी ते विकसित केलं. कायमचे गादीवाफे, चिखलणी नाही, लावणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच. खाचरात पाणी तुंबलं की मातीतले सूक्ष्मजीव मिथेन सोडतात. इथे तोही कमी. चाकण-तळेगावच्या कंपन्यांच्या पट्ट्यात लावणीला माणूस मिळणं अवघड, तिथे हा मोठा फायदा. अडचण तणाची. चिखल आणि साचलेलं पाणी तण दाबतं. ते नसलं की तणनाशक लागतं.

ज्याच्याकडे चार गुंठे खाचर आहे, त्याचा एक हंगाम फसला तर वर्षाचा घरचा तांदूळ गेला. त्यामुळे तो आधी शेजाऱ्याचं शेत बघतो. याला हट्ट म्हणायचं की हिशोब? माझ्या मते हिशोब. शेतकरी का ऐकत नाही हे विचारण्याआधी, फसलं तर भरपाई कोण देणार, हे ठरवू या.