कागदी कंपन्या आणि शेअर बाजाराची सूची : मुंबईचा अनुभव (१८६५ ते २०१७)

वरळी कोळीवाड्याच्या दक्षिणेस, वरळी व महालक्ष्मी यांमधून समुद्राचे पाणी पूर्वी शहराच्या सखल भागात शिरत असे. ते तोंड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत बांध घालून बंद करण्यात आले. त्या कामासाठी कोणासही भाग विकले गेले नव्हते. सुमारे ऐंशी वर्षांनी बॅक बे येथे समुद्र हटविण्याची योजना निघाली, तेव्हा मात्र आधी कंपनी निघाली, मग तिचे शेअर चढले; जमीन दिसावयाची राहूनच गेली. नोंदलेली कंपनी आणि प्रत्यक्षात व्यवसाय करणारी कंपनी यांतील अंतर मुंबईच्या बाजाराने कसे ओळखले, किंवा ओळखले नाही, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला व मुंबईत अमाप पैसा आला. त्यास गुंतवणुकीची वाट हवी होती. १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची कंपनी काढणे सोपे झाले होते. १८६० मध्ये ही सवलत बँकांनाही मिळाली. १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ भूमी कंपन्या होत्या. त्यांपैकी अनेकींची मालमत्ता म्हणजे एक माहितीपत्रक व संचालकांची नावे एवढीच होती. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत गेला. एका कंपनीचे शेअर तारण ठेवून दुसरीचे घ्यावयाचे, अशी ही साखळी होती आणि बँक ऑफ बॉम्बेने तीस कर्ज पुरविले.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. पुढील मुदतीचे असंख्य सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करावयाचे होते; त्या दिवशी देणेकरी उभेच राहू शकले नाहीत. बॅक बेचा भाव २,००० रुपयांखाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर उतरला आणि १८६८ मध्ये ती बँक बंद झाली. बॅक बेच्या अपुऱ्या भरावावरून पुढे बी.बी.सी.आय. रेल्वेचा मार्ग कुलाब्याकडे गेला, हीच काय ती त्या कंपनीची खूण.

या प्रकरणाचे खापर सामान्यतः प्रेमचंद रायचंद यांच्यावर व लोकांच्या लोभावर फोडले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. कोणता शेअर बाजारात यावा हे ठरविणारी संस्थाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. दलाल टाऊन हॉलच्या परिसरात वडाच्या झाडाखाली जमत. सरकारी दप्तरात नाव असणे हीच पात्रता. कालवे फोडणाऱ्या कोळिणीस रिकामा शिंपला हातात घेताच कळतो. गुंतवणूकदारास मात्र शिंपला बाहेरूनच दाखविला जात होता.

दलालांची संघटना १८७५ मध्ये झाली, तीही मुख्यतः दलालांच्या हितासाठी. मुंबईचा रोखे व्यवहार नियंत्रण कायदा १९२५ मध्ये आला. १९५६ च्या रोखे करार (नियमन) कायद्याने व १९५७ च्या नियमांनी सूचीबद्धतेस निश्चित अटी आल्या, तर २०१५ च्या सेबी विनियमांनी पूर्वीचा सूचीकरार वैधानिक केला. परंतु या अटींचा रोख मुख्यतः प्रकटीकरणावर राहिला. ताळेबंद वेळेवर सादर करणारी कंपनी आतून पोकळ असू शकते, ही अडचण कायम राहिली.

७ ऑगस्ट २०१७ रोजी सेबीने नेमकी उलट दिशेची चूक केली. केंद्र सरकारकडून आलेल्या यादीवरून ३३१ सूचीबद्ध कंपन्यांना संशयित शेल कंपन्या मानून त्यांचे व्यवहार महिन्यातून एका दिवसापुरते मर्यादित करण्याचा आदेश शेअर बाजारांना देण्यात आला. कंपन्यांना आधी नोटीस नव्हती. मुंबईत मेट्रोचे काम करणारी जे. कुमार इन्फ्राप्रोजेक्ट्स आणि प्रकाश इंडस्ट्रीज या कंपन्या रोखे अपील न्यायाधिकरणाकडे गेल्या; १० ऑगस्ट रोजी न्यायाधिकरणाने, आदेश चौकशीविना दिल्याचे सकृद्दर्शनी दिसते असे नोंदवून, त्यांच्यापुरती स्थगिती दिली. यादीतील कंपन्यांचे लहान भागधारक दरम्यान अडकले. कंपनी पोकळ असेल तर त्यांचा पैसा गेलेलाच होता. नसेल तर संशयाने भाव पडला होता. दोन्ही बाजूंनी नुकसान त्यांचेच. १८६५ मध्ये कोणी तपासले नाही, २०१७ मध्ये तपासण्याआधी शिक्षा झाली.

या दुसऱ्या प्रसंगाचे मूळ कायद्याच्या भाषेतही आहे. ज्या ‘शेल कंपनी’वर ही कारवाई झाली, तिची व्याख्या कंपनी कायदा, २०१३ मध्ये केलेली नाही.