पाहिलेलं लिहून कळवणाऱ्या बायका

आजच्या आपल्या गप्पा पत्रांच्या आहेत. खुशालीची किंवा लग्न जमल्याची पत्रं नव्हेत, तर दीडशे वर्षांपूर्वी शास्त्रज्ञ एकमेकांना जी पत्रं लिहीत, त्यांच्याविषयी आम्ही सांगणार आहोत. त्या पत्रांत बायकांचीही पत्रं होती. कॉलेजची पायरी न चढलेल्या बायकांची.

चार्ल्स डार्विन हे नाव तुमच्या मुलांच्या पुस्तकात असतं. सजीव हळूहळू बदलत कसे गेले, हे सांगणारा हा इंग्लंडचा शास्त्रज्ञ. तरुणपणी जहाजातून जगभर फिरला, पण १८४२ नंतर लंडनजवळच्या डाऊन नावाच्या खेड्यात राहायला गेला, तो जन्मभर तिथंच राहिला. तब्येत नाजूक, प्रवास सोसायचा नाही. मग जगभरातली माहिती त्याला मिळायची कशी? पोस्टानं. त्याला आलेली आणि त्यानं लिहिलेली मिळून पंधरा हजारांच्या आसपास पत्रं आज माहीत आहेत. ती लिहिणाऱ्यांत मोठे प्राध्यापक होते, तसेच माळी होते, कबुतरं पाळणारे होते, आणि घर सांभाळणाऱ्या बायकाही होत्या.

हे जमलं त्यामागे एक साधी गोष्ट होती. इंग्लंडमध्ये आधी पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणारा भरायचा, आपल्याकडच्या बैरंग पत्रासारखे. तेही अंतरावर ठरायचे, लांबचं पत्र महाग. १८४० साली तिथल्या सरकारनं दर एकच केला. देशात कुठंही पाठवा, अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला एक पेनी, आणि तिकीट पाठवणाऱ्यानं लावायचं. आपल्याकडेही १८५४ साली अंतर न पाहता एकच दर आला. पत्र स्वस्त झालं आणि साध्या माणसाचं म्हणणं मोठ्या माणसाच्या टेबलापर्यंत पोचू लागलं.

बायकांसाठी तर याचं मोल फार होतं. त्या काळी शास्त्राची मोठी मंडळं बायकांना सभासद करून घेत नसत. लंडनच्या लिनिअन सोसायटीनं पहिल्या बायका १९०४ साली निवडल्या, आणि रॉयल सोसायटीनं तर १९४५ साली. सभेचं दार बंद होतं. पाकिटाला मात्र दारावर कुणी अडवत नव्हतं.

आता मेरी ट्रीटची गोष्ट ऐका. ही अमेरिकेची. न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड गावी राहायची. बागेतल्या मुंग्या, कोळी, फुलपाखरं, पाणथळ जागेतली झाडं हाच तिचा अभ्यास. पुढं ती नवऱ्यापासून वेगळी झाली आणि मासिकांत लेख लिहून स्वतःचं पोट भरू लागली. १८७१ साली तिनं समुद्रापलीकडच्या डार्विनला पत्र लिहिलं.

त्या वेळी ती सुरवंट पाळून बघत होती. पोटभर खाऊ घातलेल्या सुरवंटांतून माद्या जास्त निघतात आणि अर्धपोटी ठेवलेल्यांतून नर, असं तिला दिसलं होतं. डार्विननं तिच्या कामाची तारीफ केली आणि हे नावाजलेल्या शास्त्रीय मासिकात छापा, असं सुचवलं. १८७३ साली तिचा लेख छापून आला. पुढं कळलं की फुलपाखरू नर होणार की मादी, हे खाण्यावर ठरत नाही, जन्मतःच ठरलेलं असतं. म्हणजे तिचा अंदाज चुकला होता. पण तिनं काय केलं आणि काय दिसलं, हे लिहून ठेवल्यामुळेच पुढच्यांना ते तपासता आलं. न लिहिलेली गोष्ट खरी का खोटी, हे तपासणार कसं?

मग आली किडे खाणारी झाडं. तुम्ही म्हणाल, हे काय नवल! नवल आपल्याजवळही आहे. साताऱ्याच्या कास पठारावर श्रावण-भाद्रपदात इवल्या निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा पसरतो, त्या फुलांना आपण ‘सीतेची आसवं’ म्हणतो. ते झाड याच जातकुळीतलं. फूल गोजिरवाणं, पण खाली ओल्या मातीत त्याला बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांत अगदी सूक्ष्म जीव अडकतात. मेरी पाहत होती ते याचंच पाण्यात वाढणारं भावंडं. त्याच्या पिशव्यांना आतल्या बाजूनं उघडणारं छोटं झडपं असतं.

प्रश्न असा होता की किडा आत जातो कसा? डार्विनलाही तो पडला होता. त्यानं पुष्कळ प्रयोग केले आणि म्हटलं, किडा पाचरीसारखं डोकं घुसवून स्वतःच झडप ढकलतो. मेरी मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. डासाची अळी पिशवीजवळ येते, आणि क्षणात आत ओढली जाते, हे तिनं पाहिलं. तिनं ते लेखात लिहिलं. डार्विननं तो वाचला आणि १८७५ साली तिला उत्तर पाठवलं, की पाचरीबद्दल माझं म्हणणं चुकलं, हे आता बरंचसं स्पष्ट दिसतंय. त्याच वर्षी त्याचं किडे खाणाऱ्या झाडांवरचं पुस्तक निघालं, त्यात मेरी ट्रीटचं नाव आणि तिची निरीक्षणं छापलेली आहेत. आज आपल्याला ठाऊक आहे की ती पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून ताणून बसते, आणि धक्का लागताच पापणी लवायच्या आत पाण्यासकट जीव आत खेचते. म्हणजे पाहणारीचंच खरं निघालं.

मेरी तिथंच थांबली नाही. १८८२ साली तिनं शेतात आणि बागेत नासधूस करणाऱ्या किडींवर पुस्तक लिहिलं. एका मुंगीच्या जातीला शास्त्रज्ञांनी तिचं नाव दिलं, ते आजही आहे.

इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या लिडिया बेकरचंही असंच. १८६३ साली तिनं रोग पडलेली रानफुलं डार्विनला पाठवली आणि त्यांत काय वेगळं दिसतंय ते लिहून कळवलं. पुढं तिनं बायकांचं एक अभ्यासमंडळ काढलं आणि डार्विनला सरळ विचारलं, आमच्या पहिल्या सभेत वाचायला काही पाठवाल का? त्यानं वेलींवरचा आपला लेख पाठवला. हीच लिडिया नंतर बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी उभी राहिली आणि १८७० पासून तिनं त्यासाठी नियतकालिक चालवलं.

एवढं ऐकून वाटेल, डार्विन बायकांना बरोबरीचं मानत असणार. तसं नव्हतं, आणि तेही आम्हाला सांगितलंच पाहिजे. बुद्धीत पुरुष वरचढ, असं त्यानं पुस्तकात लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कॅरोलाइन केनार्ड नावाच्या बाईनं ते बायकांच्या एका सभेत ऐकलं आणि १८८१ च्या डिसेंबरात त्याला पत्रानं विचारलं, हे खरंच तुमचं मत आहे का? जानेवारीत उत्तर आलं. बायका मनानं, नीतीनं सरस असतात, पण बुद्धीनं मागे. बरोबरीला यायचं तर त्यांना पुरुषांसारखं कमावतं व्हावं लागेल, आणि मग मुलांची आणि घराची हेळसांड होईल.

केनार्डबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी उलट विचारलं, नवरा ठरलेले तास काम करून तुटपुंजा पैसा आणतो, आणि बायको पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून, पोटाला चिमटा घेऊन त्यात घर चालवते, तर दोघांत कमावतं कोण? पुरुषाला मिळते तशी परिस्थिती आणि संधी आधी बाईला द्या, मग तिची बुद्धी मोजा. मैत्रिणींनो, हा प्रश्न १८८२ सालचा आहे. तो आपल्या किती घरांत आजही उत्तराची वाट पाहतोय, ते तुम्हीच सांगा. डार्विनकडून मात्र उत्तर यायला फार दिवस उरले नव्हते, त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो वारला.

आता मजा बघा. ज्याला बाईची बुद्धी कमी वाटत होती, त्यालाच एका बाईच्या लेखापुढं आपलं म्हणणं मागं घ्यावं लागलं. कशाच्या जोरावर? मेरी मोठी होती म्हणून नव्हे, तर तिनं नीट पाहिलं होतं आणि कुणीही तपासू शकेल असं लिहिलं होतं म्हणून.

आपल्याकडे पाहणाऱ्या बायकांची वाण नाही. कुठलं बी किती दिवस टिकतं, कोंबड्यांवर मर कुठल्या हवेत येते, तुरीवर अळी कधी पडते, हे तुम्हाला पाठ असतं. पण ते चुलीजवळ आणि बांधावर बोललं जातं, आणि तिथंच विरतं. पुढं कुणी साहेब येऊन तेच छापतो, त्यात तुमचं नाव नसतं.

गटाकडे वही आहेच. बैठकीची नोंद तुम्ही करताच, पैशाचा हिशोब पै-पैचा ठेवता. त्याच वहीच्या मागच्या पानांवर हेही लिहा. तारीख घाला, शेत कुठलं ते लिहा, किती झाडं पाहिली आणि त्यातल्या किती झाडांवर अळी होती ते मोजून लिहा. डोळ्यांनी दिसलं ते वेगळं आणि आपल्याला वाटलं ते वेगळं ठेवा. खाली पाहणारीचं पूर्ण नाव लिहा, ‘अमक्याची बायको’ असं नको. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, दुसरीनं लिहावं, पण नाव सांगणारीचं यावं. मग त्या पानाची प्रत तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला पाठवा, आणि उत्तर मागा.

आम्हालाही पाठवा. पुढच्या एखाद्या भागात ती पानं आपण सगळ्या मिळून वाचू, प्रत्येकीचं नाव घेऊन.